बाहीवरच्या चार फिती

आपल्या समाजात पलटणीची परंपरा जुनी आहे. कोणत्याही वस्तीत दहा-वीस घरे फिरा, एखाद्या घरी तरी जुना फोटो निघतोच. काच तडकलेली, पुठ्ठा कसरीने खाल्लेला आणि आत ताठ मानेने उभा असलेला एक माणूस, अंगात पलटणीचा कोट. कोण म्हणून विचारले तर उत्तर बहुधा ठरलेले असते, "आमचे पणजोबा. सुभेदार होते." असतीलही. पण त्या कोटाच्या मनगटाजवळ, टोक वर केलेल्या चार फिती असतील आणि खांद्यावरून नक्षीचा रुंद पट्टा खाली आलेला असेल, तर तो फोटो सुभेदाराचा नव्हे. तो ड्रम मेजरचा आहे. म्हणजे पलटणीच्या ढोल-ताशांपुढे दंड घेऊन चालणाऱ्या माणसाचा.

हे सांगितले की घरच्यांचा चेहरा उतरतो. "म्हणजे बँडवाले होते का हो?" असा पुढचा प्रश्न येतो. त्या प्रश्नातल्या 'म्हणजे'वर या आठवड्यात चार शब्द लिहावेत असे आम्ही ठरवले आहे.

चेहरा का उतरतो हे आम्हाला ठाऊक आहे. गावकीत हलगी, डफडे, सनई ज्यांच्या वाट्याला आली त्यांना ना पगार होता ना मान. वरातीपुढे वाजवायचे आणि पंगतीला सगळ्यांच्या मागून, लांब बसायचे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या लोकांनी गावकीची कामे टाकली, त्यात हेही टाकले. योग्यच केले. पण त्या झटक्यात पलटणीतला वाजवणाराही पुष्कळांनी त्याच रांगेत नेऊन बसवला. आम्हा कारकुनांच्या भाषेत सांगायचे तर ही रक्कम भलत्याच खात्यावर पडली आहे. ती दुरुस्त करायला हवी, आणि दुरुस्तीचा पुरावा त्या फोटोतच आहे. तो वाचता आला पाहिजे एवढेच.

आधी हे समजून घेऊ, की पलटणीत वाजवणारा हवाच कशाला होता? करमणुकीसाठी नव्हे. बिनतारी यंत्र नव्हते, टेलिफोन नव्हता, तेव्हा हजार माणसांपर्यंत हुकूम पोचवायचा कसा? बंदुका सुटू लागल्या की धुराने दहा पावलांवरचे दिसत नाही आणि साहेबाचा आवाज शेजारच्यालाही ऐकू येत नाही. म्हणून पायदळात ढोल आणि बिगुल, घोडदळात तुतारी. उठा, जेवायला या, जमा व्हा, पुढे चला, गोळी झाडा, मागे फिरा, दिवे विझवा, या प्रत्येकाचा वेगळा ठेका आणि वेगळे सूर असत. वाजवणारा चुकला तर पलटण चुकली. छावणीचे घड्याळ तोच आणि लढाईतला पलटणीचा आवाजही तोच.

अशा माणसाला साहेबाने धुरातून हुडकायचे कसे? म्हणून त्याचा कोट वेगळा. जुन्या ब्रिटिश पायदळात शिपायाचा कोट लाल आणि कॉलर-कफ पलटणीच्या रंगाचे, समजा पिवळे, असले तर ढोलवाल्याचे नेमके उलट असे. कोट पिवळा आणि कॉलर-कफ लाल. कॅमेरा येईपर्यंत ही उलट्या रंगांची पद्धत गेली होती, पण वेगळेपण राहिले. फोटोत ते कुठे शोधायचे ते आता सांगतो.

प्रथम खांदे पाहा. ढोलवाल्याच्या आणि बँडवाल्याच्या खांद्यावर चंद्रकोरीसारखे बाहेर आलेले कापडी तुकडे असतात. त्यांना पंखच म्हणतात. मग बाह्या आणि शिवणी पाहा. ब्रिटिश पायदळातल्या ढोलवाल्याच्या कोटावर पांढरी विणलेली पट्टी लावत आणि तिच्यावर ओळीने लहान लहान लाल मुकुट असत. राजाच्या खास गार्ड पलटणींत मुकुटाऐवजी निळे फूल असे. फोटो चांगला असेल तर भिंगातून हे मुकुट मोजता येतात.

मग दंडावरचा बिल्ला. ढोलवाल्याचा बिल्ला ढोलाचा, बिगुलवाल्याचा बिगुलाचा, घोडदळातल्या तुतारीवाल्याचा एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन तुताऱ्यांचा. बँडमध्ये क्लॅरिनेट, कॉर्नेट वगैरे वाजवणाऱ्याचा बिल्ला म्हणजे लायर नावाचे ग्रीकांचे जुने तंतुवाद्य, भोवती पानांची माळ, वर मुकुट. बाहीवर घोड्याच्या नालेसारखी आकृती आणि तिच्यात तारा दिसल्या तर ती हीच.

ड्रम मेजर मात्र झाकून राहत नाही. हातात चांदीच्या मुठीचा लांब दंड. छातीवरून तिरका जाणारा भरजरी पट्टा आणि त्यावर पलटणीने गाजवलेल्या लढायांची नावे. त्याच पट्ट्यावर ढोल वाजवायच्या दोन इवल्याशा काठ्या खोवलेल्या असतात. त्या वाजवायच्या नसतात, खूण म्हणून असतात. आणि बाहीच्या खालच्या भागावर, टोक वर, चार फिती. ड्रम मेजर हा हुद्दा नसून नेमणूक आहे. साधारणपणे हवालदाराच्या दर्जाचा अनुभवी माणूस त्या जागी नेमतात. मोठा ढोल वाजवणाऱ्याच्या अंगावर कधी बिबट्याचे कातडे दिसते. तेही नुसते शोभेचे नव्हे. ढोल घासून कोट खराब होऊ नये म्हणून ते पुढे बांधत.

आता फसवणाऱ्या जागा. नेहमीच्या फिती, म्हणजे एक फितीचा लान्स नाईक, दोन फितींचा नाईक आणि तीन फितींचा हवालदार, या दंडावर वरच्या बाजूला आणि टोक खाली करून लावतात. फक्त डाव्या मनगटाजवळ टोक वर केलेल्या एक-दोन फिती दिसल्या तर त्या जुन्या काळी चांगल्या वर्तणुकीबद्दल साध्या शिपायाला मिळत. त्यावरून माणसाला नाईक करू नये. दुसरे असे, की टोपीवर बिगुल दिसला म्हणून माणूस बिगुलवाला ठरत नाही. हलक्या पायदळाची आणि रायफल पलटणींची ती खूणच आहे. आपल्याकडे मराठा लाइट इन्फंट्रीच्या चिन्हातही बिगुल आहे. टोपीवरची खूण पलटणीची आणि बाहीवरची खूण माणसाची, हे सूत्र लक्षात ठेवले म्हणजे निम्मे काम झाले.

तिसरी गोष्ट मुकुटाची. राणी व्हिक्टोरियाच्या काळातला मुकुट वरून दबलेला, १९०१ नंतरचा राजाचा मुकुट घुमटासारखा गोल. २६ जानेवारी १९५० पासून भारतीय सेनेच्या बिल्ल्यांवरून मुकुट गेला आणि त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. घरच्या फोटोवर तारीख नसली तरी त्या नखाएवढ्या मुकुटावरून पणजोबांचा काळ ठरवता येतो.

कॅमेराही फसवतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतच्या बऱ्याच काचांवर निळा रंग फिकट, जवळजवळ पांढरा उमटे आणि लाल व पिवळा काळपट. म्हणून लाल कोट फोटोत काळा दिसतो. पत्र्यावर काढलेले फार जुने फोटो तर आरशातल्यासारखे उलटे असतात. बटणे भलत्या बाजूला आणि अक्षरे उलटी. स्टुडिओत तलवार किंवा वाद्य उसने ठेवलेले असे, ते हातात धरून कोणीही उभा राही. म्हणून हातातल्या वस्तूवर भिस्त ठेवू नये, कोटाला शिवलेल्या वस्तूवर ठेवावी. आपल्याकडे तर लहान फोटो मोठा करून घेताना रंगवणाऱ्याच्या कुंचल्यातून एखादे पदकही वाढत असे. हल्ली मोबाइलवर जुना फोटो रंगीत करून मिळतो. ते रंग यंत्राने अंदाजाने भरलेले असतात. त्यांच्यावरून पलटण ठरवणे म्हणजे व्हाउचर नसताना पैसे चुकते करणे होय.

एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. कोटाला एवढे महत्त्व का, याचे उत्तर अमेरिकेतल्या दोन फोटोंत आहे. तिथे १८६१ ते १८६५ या काळात उत्तर आणि दक्षिण असे यादवी युद्ध झाले. दक्षिणेत निग्रो माणसे मालकाची मालमत्ता होती. त्यातले हजारो पळून उत्तरेच्या सैन्याकडे आले आणि शेवटी सुमारे १ लाख ७९ हजार काळे लोक त्या सैन्यात लढले. त्या काळातल्या एका मुलाचे दोन फोटो अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पहिल्यात त्याच्या अंगावर चिंध्या आहेत. कापड किती आणि भोके किती असा प्रश्न पडावा अशा चिंध्या. दुसऱ्यात तोच मुलगा लष्करी गणवेशात, बटणे लावून, टोपी घालून उभा आहे आणि जवळ ढोल आहे. ७८ व्या काळ्या पायदळ पलटणीचा ढोलवाला, अशी नोंद आहे. नाव नुसते 'टेलर'. एवढेच.

अशा 'आधी' आणि 'नंतर'च्या जोड्या तेव्हा मुद्दाम काढत आणि त्यांच्या प्रती लोकांत फिरवत. गुलामगिरी मोडण्याच्या बाजूने लोकमत व्हावे हा त्यातला हेतू. म्हणजे फोटो मांडून काढलेला आहे हे खरे. पण मुलगा खरा आहे, चिंध्या खऱ्या आहेत आणि कोटही खरा आहे. गुलामाला कपडा मालकाच्या मर्जीवर मिळे. हा कोट त्याला सरकारने दिला होता, त्याच्या कामाबद्दल, आणि तो अंगातून काढून घ्यायचा अधिकार आता कोणा मालकाला नव्हता.

त्याच युद्धात जॉन क्लेम नावाचा एक गोरा मुलगाही ढोलवाला होता. दहा वर्षांच्या आसपासचे वय. त्याचेही गणवेशातले फोटो आहेत. त्याचे नाव देशभर झाले, तो पुढे सैन्यातच राहिला आणि १९१५ साली निवृत्त होताना ब्रिगेडियर जनरल होता. दोघांच्याही गळ्यात ढोल. एकाचे सगळे चरित्र लिहिलेले आहे, दुसऱ्याचे आडनावही कोणी लिहून ठेवले नाही. आमच्या वाचकांना यावर जास्त भाष्य करून सांगायला नको.

कोटाची किंमतही पाहा. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर पगार आणि वर कपड्यांचा भत्ता. काळ्या शिपायाला पगार १० डॉलर आणि त्यातून कपड्यांचे ३ डॉलर कापून हातात ७. कोट दोघांचा सारखा, पण एकाला तो मिळाला आणि दुसऱ्याला विकत घ्यावा लागला. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या काळ्या पलटणीने हा कमी पगार घ्यायलाच नकार दिला. महिनोन्महिने बिनपगारी लढले, पण ७ डॉलरला अंगठा दिला नाही. जून १८६४ मध्ये अमेरिकेच्या संसदेने समान पगाराचा कायदा केला. पगारपत्रक लिहिणाऱ्या आमच्यासारख्याला ही लढाई तोफांच्या लढाईइतकीच मोठी वाटते.

आणखी एक फोटो सांगण्यासारखा आहे. नोव्हेंबर १८६५, व्हर्जिनियातला कॉर्कोरन किल्ला, १०७ व्या काळ्या पायदळाचा बँड वाद्ये घेऊन ओळीने उभा आहे. युद्ध संपून काही महिने झाले होते. या पलटणीची भरती केंटकी प्रांतात झाली होती. केंटकी दक्षिणेच्या बंडात सामील नव्हता, त्यामुळे लिंकनचा १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा तिथे लागू नव्हता. तिथली गुलामगिरी कायद्याने गेली ती डिसेंबर १८६५ मध्ये, घटनेची तेरावी दुरुस्ती मंजूर झाल्यावर. म्हणजे हा फोटो निघाला त्या दिवशी या बँडवाल्यांच्या गावी गुलामगिरी अजून कायदेशीर होती. जे सैन्यात भरती झाले ते मुक्त झाले, आणि मार्च १८६५ च्या कायद्याने त्यांच्या बायका-मुलांनाही मुक्त ठरवले. आता त्या फोटोतल्या माणसांचा ताठ कणा पाहा. त्या काळी अमेरिकन पायदळातल्या वाजवणाऱ्याच्या कोटावर छातीवर फिकट निळ्या फितीच्या आडव्या पट्ट्या शिवत, माशाच्या काट्यासारख्या. त्या काळच्या फोटोत त्या पांढऱ्या दिसतात. पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते. नवऱ्याच्या भरतीमुळे जी बाई मालकाच्या तावडीतून सुटली, तिला त्या पट्ट्या कशा दिसल्या असतील याचा आमच्या माता-भगिनींनी विचार करावा.

वाजवणाऱ्याचे आणखी एक काम होते, आणि ते फोटोत सहसा दिसत नाही. लढाई सुरू झाली की बँडवाले वाद्ये खाली ठेवत आणि डोल्या उचलत. जखमींना गोळ्यांच्या माऱ्यातून मागे आणणे ही त्यांची ठरलेली कामगिरी. अमेरिकेच्या त्या युद्धात हे झाले, पहिल्या महायुद्धात ब्रिटिश पलटणींत झाले आणि आपल्या सेनेतल्या बँडवाल्यांनाही हे शिक्षण देतात. पहिल्या महायुद्धापर्यंत खाकी आली होती. पंख, पट्ट्या, मुकुट सगळे आघाडीवरून गेले. उरला तो बाहीवरचा लहानसा बिल्ला. त्या बिल्ल्याचा माणूस हातात बंदूक न घेता पुढे जात होता आणि दुसऱ्याला उचलून आणत होता. आता सांगा, 'म्हणजे बँडवाले' यात कमीपणा कुठे आहे?

आपल्या घरच्या फोटोंकडे वळू. मुंबई इलाख्याच्या पलटणींत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. बाबासाहेबांचे वडील रामजी हे सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवत होते, हे आपण सारे जाणतो. १८९० नंतरच्या काही वर्षांत सरकारने महारांची भरती बंद केली. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली, ती १९२१ मध्ये मोडली. पुढे १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा टोपीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. १९४६ साली ती मशीनगन रेजिमेंट झाली आणि बिल्ल्यावर एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन मशीनगन आल्या. या सालांच्या चौकटीत आपल्या घरचा फोटो बसवून पाहा. नुसता स्तंभ असेल तर एक काळ, मशीनगन असतील तर दुसरा. स्वातंत्र्यानंतर १९५० साली लष्करी संगीताचे शिक्षण पचमढीला सुरू झाले. आजही आपल्या सेनेचे बँडवाले तिथे शिकतात, परीक्षा देतात आणि पास होऊनच बढती मिळवतात. तिथे जन्मावर काही मिळत नाही. गावकीतल्या वाजवण्यात आणि पलटणीतल्या वाजवण्यात फरक आहे तो हाच. एकात जात पाहून काम दिले जाई, दुसऱ्यात काम पाहून बिल्ला दिला जातो.

म्हणून आमची विनंती अशी. बँडवाल्या पणजोबांना सुभेदार करू नका. त्यांनी मिळवलेले त्यांच्या बाहीवर शिवलेले आहे. त्यात आपण भर घातली की खरे होते तेही खोट्यात जमा होते. उद्या कोणी जाणकार तो फोटो पाहील आणि एक गोष्ट खोटी निघाली की बाकीच्या दहांवरही तो विश्वास ठेवणार नाही. आपला इतिहास आधीच फार थोडा लिहिला गेला आहे. असलेल्या पुराव्याला आपणच भेसळ लावू नये.

आणि काही घरगुती गोष्टी. फोटोला लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा निघत नाही. पाठीमागे बॉलपेनने लिहू नका, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. नाव, गाव, नाते आणि हे कोणी सांगितले तेही. भिंतीची ओल लागते तिथे टांगू नका. मूळ फोटो कोणाला देऊ नका, मोबाइलवर त्याची प्रत काढून द्या. प्रत काढताना बाह्या, खांदे, टोपी आणि बटणे यांचे जवळून वेगळे फोटो काढा, कारण माणसाचा चेहरा सगळेच जपतात पण त्याची कामगिरी बाहीवर असते. पेन्शनचा कागद, पदक किंवा पलटणीचे सुटे बटण सापडले तर फोटोबरोबर एकाच पाकिटात ठेवा. पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असण्याचा संभव असतो. ती घासून चकचकीत करण्याआधी वाचा.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या आजीला विचारा, आणि या रविवारीच विचारा. तिने तो कोट पाहिला असेल, कदाचित तिच्या सासूने धुतला असेल. बटणे कोणत्या धातूची होती, पट्टी लाल होती की निळी, हे कॅमेऱ्याला सांगता आले नाही ते ती सांगेल. ती सांगत असताना मुलांनी वहीत लिहून घ्यावे. आडनाव मात्र न विसरता लिहावे.